बिराजदार सरांची सेकंदांची वही

बिराजदार सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, पण त्यांचा खरा धंदा मोजण्याचा होता. ते काय मोजायचे असं विचारू नका, काय मोजत नव्हते ते विचारा. परिपाठाला किती मिनिटं लागली, हापशावर एक घागर भरायला किती वेळा दांडा खाली-वर करावा लागतो, हेडसरांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण गेल्या सालापेक्षा किती लांबलं. हे शेवटचं त्यांनी एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "सर, औंदा चार मिनिटं जास्त झाली," एवढंच म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला. त्यात टोमणा वगैरे काही नव्हता. आकडा होता म्हणून सांगितला. हेडसर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि पुढच्या प्रजासत्ताकदिनाचं भाषण सात मिनिटांत आटोपलं. पोरांनी जन्मात पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या.

आमची शाळा माकणी आणि सास्तूर यांच्या मधल्या एका गावात होती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ रेघेत आखलेलं गाव. सर उमरग्याहून रोज मोटारसायकलवर यायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि हातात जाड काचेचं जुनं घड्याळ. घरी कानडी बोलायचे, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्हीपैकी काहीच नाही. पोरांना ते "तुम्ही" म्हणायचे. सातवीतल्या नाक पुसणाऱ्या पोराला "तुमचं उत्तर चुकलं, पुन्हा बघता का?" असं विचारलं की ते पोरगं छडीला घाबरलं नसतं इतकं घाबरायचं.

माझं आणि सरांचं जमावं असं काही कारण नव्हतं. मी मराठी शिकवायचे आणि माझा स्वभाव म्हणजे तापल्या तव्यावरचं तेल. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तर मी कंडक्टरशी भांडून घ्यायचे, मग तो बिचारा डोळे मिटून तिकीट फाडायचा. आणि सर? सर असते तर स्टँडवर उभे राहून ती किती उशिरा आली ते त्यांनी लिहून ठेवलं असतं.

जमलं ते माझ्या लॅपटॉपमुळं. ऑनलाइन माहिती भरायची कामं मागं लागली म्हणून तो मी घेतला होता आणि दोन वर्षांत तो असा म्हातारा झाला की बटण दाबून मी एक कप चहा करून, पिऊन, कप विसळून यायचे तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. एकदा शाळेत त्याचं बटण मी रागानं चार-पाच वेळा दाबलं. शेजारी सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली.

"बाई, दारावर थाप मारली की आतलं माणूस उठून येईपर्यंत दुसरी थाप मारू नये. ते गोंधळतं."

मी म्हटलं, हे माणूस नाही, मेलं डबडं आहे. त्यावर त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "थांबा. आधी मोजू." सात मिनिटं चाळीस सेकंद. शंभरपानी वहीत त्यांनी तारीख घातली, आकडा लिहिला आणि वही मिटून तासावर गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ, पुन्हा वही, पुन्हा तसाच आकडा. मी विचारलं, आज काय दुरुस्त केलंत? म्हणाले, काही न्हाय, कालचा आकडा खरा हाय का ते बघितलं. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली होती, पण वयानं मोठा माणूस, काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप चालू झाल्याबरोबर आपोआप काय काय उघडतं त्याची यादी काढली आणि हजेरी घेतल्यासारखं एकेकाचं नाव विचारत गेले. हे कोण? ते प्रिंटरचं होतं. प्रिंटर बिघडून वर्ष झालं होतं. हे कोण? ते ऑनलाइन तासांच्या काळातलं. आणि हे? ते माझ्या भाच्यानं टाकलेल्या खेळाचं. शिवाय व्हायरस पकडणारे दोन कार्यक्रम होते, ते बहुधा एकमेकांवरच नजर ठेवून बसले होते. सर हसले नाहीत. म्हणाले, लग्नघरात पहाटे वीस पाहुण्यांना एकदम अंघोळीचं पाणी पाहिजे आणि चूल एकच, तसं झालंय तुमचं. यातल्या कुणाला उठल्या उठल्या पाणी लागतं आणि कुणी दहा वाजता अंघोळ केली तरी चालतंय, तेवढं ठरवा.

मी म्हटलं, ठरलं, सगळ्यांना घालवा. पण छे. सर रोज एकच बंद करणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणार. सगळे एकदम बंद केले तर कुणामुळं फरक पडला ते कळणार न्हाय, असं त्यांचं म्हणणं. अकरा दिवस हा सोहळा चालला. मध्ये एकदा मी गुपचूप घरी दोन कार्यक्रम बंद करून आणले तर वहीतला आकडा बघून त्यांनी लगेच पकडलं आणि एक शब्द न बोलता तो दिवस रद्द केला. माझ्या शाळकरी वयातही मला कुणी इतकं शरमवलं नव्हतं. पण बाराव्या दिवशी लॅपटॉप पावणेदोन मिनिटांत चालू झाला. मी सरांना पेढे दिले. त्यांनी एक घेतला आणि दुसरा काशीमामांना, म्हणजे आमच्या शिपायांना द्यायला सांगितला.

शाळेत एक संगणकाची खोली होती. गावातले जे लोक पुण्याला आणि हैदराबादला नोकरीला गेले होते त्यांनी मिळून दहा जुने लॅपटॉप शाळेला दिले होते. सरांनी लाल रंगानं त्यांच्यावर एक ते दहा आकडे घातले आणि दहा टेबलांवर ओळीनं मांडले. गणिताबरोबर ही खोलीही त्यांच्याकडंच. नाव मोठं आणि लक्षण खोटं अशी त्या खोलीची गत होती, कारण तास पस्तीस मिनिटांचा आणि एकेक लॅपटॉप चालू व्हायला नऊ-नऊ मिनिटं. काशीमामा तासाच्या आधी येऊन सगळे चालू करून ठेवायचे, पण बॅटऱ्या मेलेल्या, त्यामुळं मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या रिकाम्या वेळात सर पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे, तेही साधे नाही, अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा. आख्ख्या तालुक्यात त्या काळात अडीचकी येणारी पोरं फक्त आमच्याच शाळेत होती, आणि ती का येत होती ते आम्ही कुणाला सांगत नव्हतो.

मग एका जूनमध्ये वरून पत्र आलं. ज्या शाळांत संगणक नीट वापरात नसतील त्यांनी ते जमा करावेत आणि खोली दुसऱ्या कामाला वापरावी. हेडसर शांतताप्रिय माणूस. त्यांनी पेन काढलं. पोषण आहाराची पोती ठेवायला जागा नव्हतीच, ती होईल, असा त्यांचा हिशेब.

सर उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. मी तिथंच हजेरीपट घेऊन बसले होते. ते म्हणाले, "हेडसर, डिसेंबरला मी निघालो. जाताना या खोलीला कुलूप घालून मला जायचं न्हाय."

एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी शाळेकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हेडसरांचं पेन थांबलं. सर पुढं काय बोलले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते फार अडखळत बोलले. गावातल्या मुलांना उमरग्याला क्लासला जाता येईल, मुलींना कोण पाठवतंय? चार नंबरच्या लॅपटॉपवर जिनं पहिल्यांदा आपलं नाव टाइप केलं ती पोरगी आज दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दुसरी एक सोलापूरला शिकते. ही खोली गेली तर आठवीतल्या चौदा मुलींना कॉलेजात जाईपर्यंत संगणक दिसणार नाही, आणि त्यातल्या किती कॉलेजात जातील तो आकडाही त्यांना माहीत होता. तो त्यांनी सांगितला नाही.

हेडसर म्हणाले, दिवाळीनंतर तालुक्याच्या मॅडम तपासणीला येणार आहेत. तोपर्यंत मशिनं बरी झाली तर मॅडमच ठरवतील. नाहीतर मला सही करावीच लागेल.

सर कामाला लागले. पद्धत तीच, एका दिवसाला एक बदल. आपोआप उघडणारं बंद केलं, जुना कचरा काढला, भरून वाहणारी जागा रिकामी केली. नऊ मिनिटांचे पाच झाले. ऑगस्ट उजाडला आणि सरासरी आकडा पाचावर अडला तो अडलाच. दीड महिना वहीत दुसरा आकडा पडेना. सर डबा घेऊन त्या खोलीतच जेवायला लागले. एकदा मी शेंगाची चटणी द्यायला गेले तर ते वही उघडी टाकून नुसते बघत बसले होते.

"बाई, एक नंबर सगळ्यात हळू. दोन नंबर त्याच्यापेक्षा थोडा बरा. असं करत दहा नंबर सगळ्यात चपळ. सकाळी गार असताना सगळे त्यातल्या त्यात बरे, दुपारी तापले की पुन्हा हीच रांग. यंत्रांना एक ते दहा म्हणायला कुणी शिकवलं?"

त्यांनी एक आणि दहा नंबरच्या जागा बदलून बघितल्या होत्या, वायरी बदलून बघितल्या होत्या. फरक नाही. मी म्हटलं, सर, सोडा आता, जुनी मशिनं आहेत, तुम्ही काय देव आहात का? त्यांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती.

नवरात्र आलं. आमच्याकडं नवरात्रात निम्मा जिल्हा तुळजापूरच्या वाटेवर असतो, शाळेतही हजेरी पातळ. खंडेनवमीला मात्र पोरं आवर्जून यायची, कारण त्या दिवशी पूजा. घरोघरी नांगर, विळे, पंपाची मोटर धुऊन पुसून पूजली जाते, तशी शाळेत पाट्या-पुस्तकांची आणि सहा वर्षांपासून लॅपटॉपचीही. ती सरांनीच सुरू केलेली. मोठ्या भक्तीनं करायचे. प्रत्येक टेबलावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायचं, त्यावर मूठभर अक्षता, आणि त्यावर लॅपटॉप बसवायचा. तोही चालू करून. घरच्या मळ्यात मोटर चालू ठेवून पूजा करायची त्यांच्या वडिलांची रीत होती, बंद यंत्राला कुंकू लावून काय उपयोग, असं ते म्हणत. मग शेजारी उदबत्ती, वर झेंडूचं फूल. तासभर लॅपटॉप असे स्वस्तिकावर बसून घुमत राहायचे. आम्ही सगळे हात जोडायचो, मीही जोडायचे.

त्या वर्षीही ताट तयार होतं. सरांनी पहिल्या टेबलावर स्वस्तिक काढलं, छान जाड. मग एक नंबरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि तो तिरका झाला. त्याच्या पोटाच्या बारीक जाळीतून चिमूटभर लाल भुकटी सरांच्या मनगटावर पडली. या वर्षीचं कुंकू तर अजून त्याला लागलंच नव्हतं.

सर तसेच उभे. पोरं फुलं घेऊन मागं. मला वाटलं, चक्कर आली की काय. त्यांनी लॅपटॉप हळूच मोकळ्या जागी ठेवला आणि म्हणाले, "बाई, वही आणा."

मी वही दिली. त्यांनी एक ते दहा आकडे पुन्हा वाचले, बोट ठेवून. मग ताटाकडं बघितलं. ताटात कुंकवाचा ढीग होता, एक नंबरला ते भरल्या मुठीनं वाहायचे, आणि दहा नंबरपर्यंत जाईतो ताट खरवडून दोन बोटांना लागेल तेवढंच उरायचं. सहा वर्षं हाच क्रम. ते फरशीवरच खाली बसले.

"बाई," म्हणाले, "हे मीच केलंय."

पोरांना काही कळेना. काशीमामांनी पाणी आणलं. थोड्या वेळानं सर उठले, सगळे लॅपटॉप बंद केले, ताट कोनाड्यातल्या देवीच्या फोटोपुढं ठेवलं आणि पूजा तिथंच केली. हात जोडून एरवीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. किती वेळ, ते त्या दिवशी त्यांनी मोजलं नसावं.

दुपारी त्यांनी एक नंबरचं झाकण खोललं. खालून हवा ओढणाऱ्या आतल्या पंख्याच्या पात्यांवर तांबडा-पिवळा थर बसला होता, उदबत्तीच्या धुरानं चिकट झालेला. तांदळाचे तीन दाणे निघाले आणि झेंडूची एक पाकळी, काळी पडलेली. पंखा फिरत नाही म्हणून मशीन तापतं आणि तापलं की जपून, हळूहळू चालतं. सरांनी ते एका कागदावर काढून ठेवलं. मी जवळच होते. दाणे त्यांनी दोनदा मोजले.

हेडसर माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजावलं की तपासणीच्या अहवालात धूळ लिहा. धूळ सगळीकडं असते, धुळीला कोण जाब विचारतो? पूजा लिहिली तर शाळेच्या साहित्याचं नुकसान केलं म्हणून तुमच्यावर येईल, दोन महिन्यांवर निवृत्ती आहे, कागद अडकतील. आणि गावात कळलं तर लोक म्हणतील की मास्तर देवीच्या पूजेला नावं ठेवतो. सर म्हणाले की देवीला कोण नावं ठेवतंय, हात माझा होता. लिहिणार काय ते दिसतच होतं.

मग मी ओरडले. खरंच ओरडले, सत्तावन्न वर्षांच्या माणसावर. म्हटलं, सर, तुम्हाला खोली वाचवायची आहे की स्वतःला फासावर चढवून घ्यायचंय? धूळ म्हणा आणि मोकळे व्हा. एका शब्दानं कुणाचं काय जातंय? हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण मी असंच म्हटलं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "धूळ लिहिली तर माझ्या जागी जो कुणी येईल, तो पुढल्या नवमीला पुन्हा स्वस्तिक काढील. भक्तीनंच काढील. त्याला कसं कळावं, बाई?"

मी उठून वर्गावर गेले.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी दोन-दोन करून दहाही लॅपटॉप उमरग्याला घरी नेले. वाकळेत गुंडाळून, मोटारसायकलच्या मागं बांधून, खड्डे चुकवत. मी फराळाचं घेऊन गेले तेव्हा पुढच्या खोलीत बाजेवर वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि सर चष्म्यावर चष्मा लावून रंगाच्या कुंचल्यानं पंख्याचं एकेक पातं पुसत होते. त्यांच्या पत्नी मला आत घेऊन गेल्या आणि तक्रार केली की औंदा लक्ष्मीपूजनालासुद्धा कुंकवाचा करंडा त्यांनी आतल्या खोलीत ठेवायला लावला, वाऱ्यानं उडंल म्हणून. उमरग्यातल्याच मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडं तीन दुपारी बसून सरांनी झाकणं कशी उघडायची, आतल्या तापणाऱ्या भागावर तो पांढरा लेप किती लावायचा, हे शिकून घेतलं होतं. त्या दुकानातलं पोरगं कधीकाळचा त्यांचाच विद्यार्थी निघालं. ते त्यांना खुर्ची द्यायचं आणि स्वतः उभं राहायचं, पण चुकलं की "सर, असं न्हाय" म्हणायला भ्यायचं नाही. सर त्याचंही वहीत लिहून घ्यायचे.

एक नंबर मात्र हातचा गेला. पंख्याची केसासारखी बारीक वायर काढताना तुटली. पुन्हा जोडायला गेले तर आणखी काहीतरी जळालं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नीनं मला फोनवर सांगितलं.

तपासणीच्या मॅडम आल्या त्या तरुण होत्या, भराभरा चालणाऱ्या. एका दिवसात पाच शाळा करायच्या होत्या त्यांना. आठवीचा वर्ग संगणकाच्या खोलीत बसवलेला होता. सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पोरांना म्हणाले, "चालू करा तुम्ही." नऊ बटणं दाबली गेली. आणि सवयच ती, पोरांनी कुणी न सांगता अडीचकी सुरू केली. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच. साडेबारावर आली नाहीत तोवर पहिला पडदा उजळला. मग दुसरा, मग सगळे. पोरं पाढा अर्ध्यात सोडून तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि मग खो-खो हसायला लागली. हेडसरसुद्धा हसले. सरांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, अर्ध्या मिनिटाच्या आत.

मॅडमनी नऊ मोजले. दहावा कुठं आहे, आणि ही मशिनं एवढी चांगली चालतात तर इतकी वर्षं अडचण काय होती, असं त्यांनी विचारलं. हेडसर घाईघाईनं म्हणाले, धूळ मॅडम, आपल्याकडं धूळ फार.

सर उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, यांना गप्प बसव.

सरांनी सगळं सांगितलं. पूजा, स्वस्तिक, एक ते दहाची रांग, तुटलेली वायर. आवाज चढवला नाही, रडवेलाही केला नाही, उदाहरण सोडवून दाखवतात तसं सांगितलं. मग वही आणि ती कागदाची पुडी मॅडमपुढं ठेवली. मॅडमनी पुडी उघडून तांदळाचे दाणे बघितले, वहीची बरीच पानं उलटली.

"एक नंबर तुमच्या नावावर लिहावा लागेल, सर," त्या म्हणाल्या.

"लिहा," सर म्हणाले. "खोलीचं काय लिहिता?"

मॅडमनी तपासणीचा फॉर्म काढला, त्यावर लिहिलं, सही केली आणि हेडसरांकडं दिला. नऊ यंत्रं वापरात, खोली चालू ठेवावी. मग उठता उठता सरांकडं वाकून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सर, नुसत्या उदबत्तीनं पण होतं का हो असं?" आमच्या लक्षात आलं की त्यांच्या कार्यालयातही खंडेनवमी होत असणार. सरांनी गंभीरपणे विचारलं की उदबत्ती कुठं लावता. त्या म्हणाल्या, मशीनवरच. सर म्हणाले, लांब लावा मॅडम, देवीला लांबूनबी दिसतं.

एक नंबरबद्दल सरांकडं लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी तीन ओळींचा दिला. पुढं त्यातून काही निघालं नाही, पण ते कळेपर्यंतचे पंधरा दिवस सर डबा अर्धा परत न्यायचे, हे काशीमामांनी मला सांगितलं. धूळ लिहिली असती तर पूर्ण खाल्ला असता. मला हे तेव्हाही कळत होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ होता. पटांगणात खुर्च्या, सतरंज्या, हार, शाल, नारळ. हेडसरांनी सगळ्या वर्गांना बाहेर बसवायला सांगितलं. सरांनी विचारलं, आठवीचा आता कोणता तास? संगणकाचा, मी म्हटलं. खोली आता माझ्याकडं आली होती. "मग त्यांना उठवू नका," सर म्हणाले. हेडसरांनी किती समजावलं, एक दिवस बुडाला तर काय होतं, तुमचा समारंभ आहे. सर ऐकेनात. शेवटी मी आठवीला कामाला लावलं, काशीमामांना दारात बसवलं आणि बाहेर आले. सरांचा निरोप असा आठवीशिवायच झाला. भाषणं झाली. हेडसर बोलायला उभे राहिले आणि दोन मिनिटांत खाली बसले. सर बोलले तेही थोडंच. सगळ्यांना नमस्कार केला, पोरांनासुद्धा.

मग ते मोटारसायकलपाशी गेले. ती संगणकाच्या खोलीच्या खिडकीखाली लावलेली होती. खांद्यावर शाल, हँडलला नारळाची पिशवी. मी व्हरांड्यात उभी होते. खिडकीतून आतली पोरं दिसत होती, तीन-तीन जण एकेका पडद्यापुढं डोकी लावून. कुणीही वर बघितलं नाही. मला वाटलं, आता मी आत जाऊन सगळ्यांना उठवावं, अरे, सर चाललेत, बघा तरी. पाऊल उचललंसुद्धा.

सरांनी मला बघितलं आणि हातानंच नको म्हणून सांगितलं. मग मोटारसायकल स्टँडवरून उतरवली आणि चालू न करताच हातानं ढकलत निघाले. खिडकीखालून, पटांगणाच्या कडेनं, तो जड गाडा ढकलत, थोडे जास्तच वाकून. मी मागं लागायला गेले तर पुन्हा हात हलवला. फाटकाबाहेर पिंपळापर्यंत गेले आणि मगच त्यांनी किक मारली. आत कुणाला आवाजही गेला नसेल.

मी खोलीत गेले. तास संपायला अजून अकरा मिनिटं होती.